चिनी सहायक क्रियापदांचा नकार : ‘पु’ केव्हा आणि ‘मेइ’ केव्हा?

लोहारचाळकर (प्रश्न)

लोहार चाळीतील विजेच्या सामानाच्या एका पेढीत मी आयातीचा पत्रव्यवहार पाहतो आणि त्यासाठी संध्याकाळी चिनी शिकतो आहे. ‘पु’ हा सर्वसाधारण नकार आणि ‘मेइ’ हा भूतकाळाचा नकार, असे आम्हाला शिकवले गेले. साध्या क्रियापदांपुरते ते बरे चालते : ‘पु छ्यू’ म्हणजे ‘जाणार नाही’ आणि ‘मेइ छ्यू’ म्हणजे ‘गेलो नाही’. परंतु चिनी पाठ्यपुस्तके ज्यांना ‘नंग-युआन तुंगत्स’ म्हणतात, त्या शक्यता, इच्छा व कर्तव्य दाखवणाऱ्या क्रियापदांपाशी हा नियम कोलमडतो. ‘लहानपणी मला पोहता येत नव्हते’ हे वाक्य उघडच भूतकाळातले आहे, तरी तेथे ‘पु ह्वेइ’ लागते आणि ‘मेइ ह्वेइ’ कोणीच म्हणत नाही. दुसरीकडे आमच्या पुरवठादाराच्या निरोपांत माल पाठवण्याविषयी कधी ‘पु नंग फा’ असते, कधी ‘मेइ नंग फा’, तर कधी ‘फा पु ल्याओ’. या तिन्हींत नेमका फरक काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पारलेकर

अडचण ‘भूतकाळ’ या शब्दात आहे. ‘मेइ’चा संबंध काळाशी नसून घटनेशी आहे. एखादी गोष्ट घडली असती किंवा घडणे अपेक्षित होते, पण ती घडली नाही, एवढेच ‘मेइ’ सांगते. म्हणूनच ‘मेइ’ आले की घटना पूर्ण झाल्याचे दाखवणारा ‘ल’ क्रियापदाला लावत नाहीत. याउलट स्वभाव, सवय, इच्छा, कौशल्य किंवा निव्वळ स्थिती नाकारायची असेल, तर ती आजची असो की वीस वर्षांपूर्वीची, ‘पु’च लागतो. पोहता येणे ही घटना नव्हे, ती माणसाच्या अंगी असलेली किंवा नसलेली विद्या आहे. मराठीत ‘नाही’ आणि ‘नव्हते’ असा काळानुसार बदल होत असल्यामुळे आपण नकळत चिनीतही तोच शोधू लागतो. तेथे मात्र काळाचे काम ‘पूर्वी’, ‘काल’, ‘लहानपणी’ अशा शब्दांवर सोपवलेले असते.

हे एकदा मान्य केले की सहायक क्रियापदांचे गणित सुटते, कारण त्यांपैकी बहुतेक स्थितिवाचक आहेत. ‘इंगकाय’ (करायला हवे) यालाही ‘मेइ’ लागत नाही : ‘तू काल यायला नको होतेस’ असे म्हणायचे तरी ‘पु इंगकाय लाय’ असेच म्हणावे लागते. ‘मेइ’ घेणारी थोडीच आहेत, मुख्यतः ‘नंग’ (शकणे), ‘कान’ (धजावणे) आणि ‘खन’ (राजी होणे). धाडस त्या क्षणी झाले नाही, तर ‘मेइ कान’. मुळात छातीच होत नाही, तर ‘पु कान’.

जाता जाता उच्चाराविषयी. चिनीत प्रत्येक अक्षराचा सूर ठरलेला असतो. ‘पु’ एरवी चौथ्या (उतरत्या) सुरात असतो, पण पुढचा शब्दही चौथ्या सुराचा असला की तो दुसऱ्या (चढत्या) सुरात जातो. ‘ह्वेइ’ (येणे, जमणे), ‘याओ’ (हवे असणे) आणि ‘युंग’ (गरज असणे) हे तिन्ही चौथ्या सुराचे असल्याने हा बदल पावलोपावली ऐकू येतो.

बंदरावरचा

आता तुमचे तीन निरोप. ‘मेइ नंग फा’ म्हणजे पाठवायचे ठरले होते, बहुधा खटपटही झाली, पण माल निघाला नाही. येथे घटना चुकली आहे. ‘पु नंग फा’ हे आताच्या किंवा पुढच्या स्थितीचे विधान आहे आणि त्यात मनाईचा वास असू शकतो : कागदपत्रे अपुरी आहेत, किंवा त्या वस्तूला परवानगी नाही. ‘फा पु ल्याओ’मध्ये नकार क्रियापद आणि त्याचे फलित यांच्या मधोमध बसतो आणि ‘ते जमण्यासारखे नाही’ असा अर्थ देतो. हीच जोडी दारापाशी फार स्पष्ट दिसते : ‘पु नंग चिन लाय’ म्हणजे आत यायला मज्जाव आहे, तर ‘चिन पु लाय’ म्हणजे दार लहान आहे किंवा कुलूप लागले आहे, म्हणून येता येत नाही. ‘मेइ खान तुंग’ म्हणजे वाचले पण कळले नाही. ‘खान पु तुंग’ म्हणजे कळण्याच्या पलीकडचे आहे. पुरवठादाराने ‘पु नंग’ लिहिले तर कारण विचारावे; ‘फा पु ल्याओ’ लिहिले तर नवी तारीख मागावी.

सातरस्ता

वरील स्पष्टीकरण मान्य आहे, परंतु ‘पु’ की ‘मेइ’ एवढ्यावर प्रश्न संपत नाही, कारण कित्येकदा नकारात क्रियापदच बदलते. ‘याओ’ घ्या. ‘वो पु याओ’ आणि पुढे वस्तूचे नाव, हे थेट आपले ‘मला नको’. पण ‘पु याओ छ्यू’ हे बहुधा ‘जाऊ नकोस’ असे ठरते, ज्यासाठी ‘प्ये छ्यू’ हेही चालते. ‘मला जायचे नाही’ यासाठी ‘पु श्यांग छ्यू’ हे सुरक्षित (तैवानमध्ये याही अर्थाने ‘पु याओ’ ऐकू येते), आणि ‘जायची गरज नाही’ यासाठी ‘पु युंग छ्यू’. सक्ती दाखवणाऱ्या ‘तेइ’ला तर या अर्थी ‘पु’ लागतच नाही. तेथेही ‘पु युंग’ किंवा ‘पु पी’ वापरावे. ‘खयी’ परवानगीच्या अर्थाने असेल तर ‘पु खयी’ किंवा ‘पु नंग’, आणि ‘हे पाहण्याजोगे आहे’ या अर्थाने असेल तर ‘पु च्रत’, म्हणजे ‘त्या योग्यतेचे नाही’. होकार-नकाराच्या जोड्या पाठ कराव्यात, हे माझे मत.

लोहारचाळकर

आभारी आहे. एक शंका उरते : एका पत्रात ‘पु नंग पु थि च्या’ असे आले आहे, ‘थि च्या’ म्हणजे भाव वाढवणे. दोन ‘पु’ एकमेकांना खोडून ‘भाव वाढवू शकतो’ असा अर्थ होतो का?

पारलेकर

नाही, अर्थ सक्तीचा होतो. पहिला ‘पु’ ‘नंग’ला नाकारतो आणि दुसरा भाववाढीला, म्हणजे ‘भाव न वाढवून चालणार नाही’. ‘पु त पु’ हेही त्याच अर्थाचे. केवळ ‘नंग पु थि च्या’ असते तर ‘भाव न वाढवणे शक्य आहे’ असा अर्थ झाला असता. उत्तरात ‘नंग पु नंग पु थि च्या?’, म्हणजे ‘भाव न वाढवता जमेल का?’, असे विचारून पाहा. ते व्याकरणाने शुद्ध आहे आणि घासाघिशीच्या रीतीलाही धरून आहे.