इव्हेंट लूपमधून काढलेल्या ओळी कुठे जातात?

कृष्णाकाठ

बिनधागा यांचा गेल्या आठवड्यातला लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा चहा गार झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, इव्हेंट लूपमधली (घटनांची वाट पाहून त्या एकामागून एक हाताळणाऱ्या फेऱ्यातली) बहुतेक गुंतागुंत ही लिहिणाऱ्याची हौस असते. सिग्नल, टायमर आणि चाइल्ड प्रोसेस या सगळ्यांना फाइल डिस्क्रिप्टरचे (कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, उघड्या फाइलला वा जोडणीला देतो त्या क्रमांकाचे) रूप द्यावे, एज-ट्रिगर्ड प्रकार (स्थिती बदलली तेव्हाच सूचना देणारा) हद्दपार करावा, आणि मग उरतो तो ईपोल-वेट या, कुठल्या डिस्क्रिप्टरवर काही घडले ते सांगणाऱ्या लिनक्सच्या कॉलभोवतीचा एक साधा व्हाइल लूप. या न्यायाने त्यांनी आपल्या प्रॉक्सीतला (ग्राहक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणाऱ्या प्रोग्राममधला) ३,८०० ओळींचा लूप ४१० ओळींवर आणला आणि खाली अभिनंदनाची रीघ लागली. गेलेल्या ३,३९० ओळींत काय होते, हे मात्र एकानेही विचारले नाही.

मी विचारतो, कारण अशाच एका सफाईनंतरचे दीड महिने मी भोगले आहेत. आमच्या गेटवेत प्रत्येक जोडणीला एक पिढी-क्रमांक (जागा नव्याने वापरली की बदलणारा) होता आणि घटना आली की तो ताडून पाहिला जाई. नव्या मंडळींना ते थोतांड वाटले, म्हणून ते काढले गेले. त्यानंतर हजारांत एखादी जोडणी उघडताक्षणी बंद पडू लागली. कारण असे निघाले की, ईपोल-वेट एका फेरीत अनेक घटना हातात देतो. त्यांतली तिसरी घटना हाताळताना आम्ही डिस्क्रिप्टर ३१ बंद करत होतो, चौथ्या घटनेत नवा ग्राहक स्वीकारताना कर्नल तोच रिकामा क्रमांक ३१ परत देत होता, आणि सातव्या जागी पडून राहिलेली जुन्या ३१ ची ‘जोडणी तुटली’ ही घटना या नवख्या पाहुण्याच्या डोक्यावर फुटत होती. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये पॉइंटरच्या (स्मृतीतल्या पत्त्याच्या) शेवटच्या बिटात एक खूण दडवलेली असते ती याच रोगावरचा उतारा आहे. ती हौस नव्हे.

टायमरचेही तसेच. पन्नास हजार जोडण्यांच्या निष्क्रियतेच्या मुदतीसाठी पन्नास हजार टायमर-डिस्क्रिप्टर उघडणे आणि प्रत्येक वेळी मुदत पुढे ढकलताना एक सिस्टम कॉल (कर्नलला विनंती) करणे, याला साधेपणा म्हणत असतील तर मला गुंतागुंतच बरी. सगळ्यांत जवळची मुदत हीपमधून (सर्वांत लहान मूल्य वर ठेवणाऱ्या रचनेतून) काढून तीच ईपोल-वेटला दिली की काम भागते. फक्त मिलिसेकंदात रूपांतर करताना वरच्या अंकाकडे न्यावे लागते, नाहीतर शेवटच्या अर्ध्या मिलिसेकंदात लूप शून्य मुदतीने गरगर फिरत राहतो. ती एक ओळसुद्धा कोणीतरी रक्त आटवून लिहिलेली असते.

बिनधागा

कृष्णाकाठ यांनी माझा लेख दोनदा वाचला याबद्दल आभार; तिसऱ्यांदा वाचला असता तर मी ‘सगळे टायमर’ असे कुठेच लिहिलेले नाही, हेही दिसले असते. माझ्या प्रॉक्सीत एकूण चार टायमर आहेत आणि जोडण्यांच्या मुदती मी दर सेकंदाला एकदा यादी चाळून तपासतो.

काढलेल्या ओळींत काय होते ते सांगतो. सिलेक्टसाठी (ईपोलच्या आधीच्या जुन्या कॉलसाठी) एक आवृत्ती होती, सोलॅरिस या युनिक्स प्रणालीसाठी एक होती, आणि आमच्याकडे सोलॅरिसचे शेवटचे यंत्र भंगारात जाऊन किती वर्षे झाली हे सांगणारा माणूसही आता निवृत्त झाला आहे. कॉलबॅकच्या (घटना आली की लूप जे फंक्शन बोलावतो त्याच्या) आतून पुन्हा लूप चालवण्याची सोय होती, जिच्यामुळे स्टॅक (कोणी कोणाला बोलावले याची साखळी) पाहताना तोच लूप चार पातळ्यांवर दिसे आणि कोणाचा लॉक कोणाकडे आहे हे देवालाच ठाऊक असे. अग्रक्रमांच्या आठ पातळ्या होत्या. त्यांतल्या दोन वापरात होत्या. यातली कोणती ओळ रक्त आटवून लिहिली होती?

रेडिस या स्मृतीत चालणाऱ्या डेटाबेसकडे पाहा. त्याचे जनक साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी तयार लायब्ररी न घेता स्वतःचा छोटा लूप लिहिला आणि त्यात टायमर चक्क क्रम न लावलेल्या लिंक्ड लिस्टमध्ये (साध्या साखळी-यादीत) ठेवले, कारण टायमर मोजकेच होते. आपल्याला काय लागत नाही हे ज्याला कळते, त्याला हीप लागत नाही.

शून्यसूचक

दोघांचेही चालू द्या, पण एज-ट्रिगर्ड प्रकाराला जाता जाता जी लाथ बसली आहे तिच्याबद्दल बोलणे भाग आहे. लेव्हल-ट्रिगर्डमध्ये (तयारी टिकेल तोवर पुन्हा पुन्हा सूचना देणाऱ्या प्रकारात) लिहिण्याची नोंदणी ठेवली की सॉकेट (जोडणीचे टोक) बहुतेक वेळ लिहिण्यास तयारच असतो आणि लूप उगाच जागा होत राहतो. म्हणून बफर भरला की नोंदणी करा, रिकामा झाला की काढा, आणि प्रत्येक वेळी ईपोल-सीटीएलचा (नोंदणी बदलणाऱ्या कॉलचा) खर्च सोसा. एज-ट्रिगर्डमध्ये एकदा नोंदवले की झाले. साधेपणाच्या नावाखाली लोक कमी साधे तेच निवडतात, हे मला गेली दहा वर्षे कळलेले नाही.

पन्हाळा६४

ते कळले नाही, कारण शून्यसूचक यांच्या सॉकेटवर कधी खादाड ग्राहक आला नसावा. एज-ट्रिगर्डमध्ये ‘ईअगेन’ (‘सध्या आणखी जमत नाही’ हे उत्तर) येईपर्यंत वाचत राहणे बंधनकारक असते. वाचन मध्येच थांबवले तर उरलेल्या माहितीची सूचना पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. आता वेगवान जाळ्यावरून कोणी मोठी फाइल चढवू लागला, की तुमचा लूप त्याच्याच ताटाशी बसून राहतो आणि बाकीची पंगत उपाशी. मग प्रत्येकाला वाचनाची मर्यादा घाला, मर्यादा संपलेल्यांची स्वतःची यादी ठेवा, आणि ती यादी रिकामी नसेल तोवर ईपोल-वेटला शून्य मुदत द्या. कर्नल जे काम फुकट करत होता ते तुम्ही घरी आणून मांडता आणि त्याला कार्यक्षमता म्हणता.

खरे दुखणे वेगळेच आहे. फ्रीबीएसडी या युनिक्स प्रणालीत २००० साली केक्यू (ईपोलसारखी सूचना-सोय) आला तेव्हापासून सॉकेट, सिग्नल आणि प्रोसेस एकाच कॉलमध्ये बसत होते, शिवाय नोंदणीतले बदल त्याच कॉलमधून एकगठ्ठा देता येत होते. लिनक्सने २००२ मध्ये ईपोल विकासाच्या शाखेत घेतला, सिग्नलसाठी २००७ मध्ये वेगळा डिस्क्रिप्टर काढला, टायमरसाठी २००८ मध्ये, आणि प्रोसेससाठी थेट २०१९ मध्ये. बिनधागा ज्याला एकसंध रचना म्हणतात ती गोधडी आहे.

शून्यसूचक

फ्रीबीएसडीचे कीर्तन येणार हे मी पहिल्या वाक्यालाच ओळखले होते. वाचनाची मर्यादा आणि यादी मिळून माझ्या प्रकल्पात बावीस ओळी आहेत, आणि लेव्हल-ट्रिगर्ड वापरणाऱ्यालाही एका फेरीत किती वाचायचे हे ठरवावेच लागते. ‘फुकट’ हा शब्द ज्याने सिस्टम कॉल मोजले आहेत त्याने वापरू नये. आपण मोजले आहेत का?

पन्हाळा६४

मोजले आहेत. आमच्या भारात ईपोल-सीटीएलचा वाटा इतका किरकोळ होता की, तो वाचवण्यासाठी आपल्या बावीस ओळींतली एकही मला नको. लिहिण्याची वेळ आली की आधी सरळ लिहून पाहावे आणि ‘ईअगेन’ आला तरच नोंदणी करावी. बहुतेक उत्तरे एका फटक्यात जातात, नोंदणीची वेळच येत नाही. हे आपल्याला ठाऊक नाही असे मी म्हणत नाही. आपण ते सोयीस्करपणे विसरलात असे म्हणतो.

रातराणी

आपणा दोघांच्या भांडणात रात्री तीनला फोन कोणाला येतो हे राहून गेले. तो मला येतो.

आमच्या सेवेत लेव्हल-ट्रिगर्ड लूप होता, अगदी बिनधागा यांच्या मनासारखा स्वच्छ. एका रात्री डिस्क्रिप्टरची मर्यादा संपली. अ‍ॅक्सेप्ट हा जोडणी स्वीकारणारा कॉल ‘ईएमफाइल’ (डिस्क्रिप्टर संपले) ही चूक घेऊन परतला, पण वाट पाहणारी जोडणी रांगेतच राहिली, म्हणून ऐकणारा सॉकेट अजूनही ‘तयार’, म्हणून लूप लगेच जागा, पुन्हा अ‍ॅक्सेप्ट, पुन्हा तीच चूक. प्रोसेसर शंभर टक्के आणि नोंदवहीत (लॉगमध्ये) सेकंदाला हजारो ओळी, ज्यांनी थोड्या वेळात डिस्कही भरली. यावरचा जुना तोडगा असा की, सुरुवातीलाच एक डिस्क्रिप्टर राखीव उघडून ठेवायचा, अशा वेळी तो बंद करायचा, त्या मोकळ्या जागेवर जोडणी स्वीकारून लगेच तोडायची आणि राखीव जागा परत अडवायची. लिबयूव्ही या इव्हेंट लूपच्या लायब्ररीत ही युक्ती आहे. आमच्या जुन्या लूपमध्येही होती. सफाई करणाऱ्याने ‘विनाकारण उघडलेली फाइल’ अशी नोंद लिहून ती काढली होती.

मात्र याचा अर्थ कृष्णाकाठ यांचा पक्ष मला मान्य आहे असा नव्हे. त्या जुन्या कोडमध्ये ही युक्ती का आहे हे सांगणारी एकही टीप नव्हती. कारण न लिहिता ठेवलेली ओळ आणि हौसेने लिहिलेली ओळ बाहेरून सारख्याच दिसतात, आणि त्याचा दोष केवळ काढणाऱ्याला देता येत नाही.

कृष्णाकाठ

रातराणीताईंचा शेवटचा मुद्दा मला लागला, कारण पिढी-क्रमांकाच्या त्या ओळी मीच लिहिल्या होत्या आणि टीप मीही लिहिली नव्हती. तेवढे कबूल.

बिनधागा यांना मात्र रेडिसचा दाखला अर्ध्यावर सोडता येणार नाही. त्या छोट्या लूपच्या मागे फाइल डिस्कवर पक्की करण्यासाठी वेगळे थ्रेड (समांतर चालणारे धागे) आहेत. मोठी ‘की’ (किल्ली आणि तिच्याखाली साठवलेली माहिती) पुसताना लूप अडतो म्हणून २०१७ च्या ४.० आवृत्तीत मागच्या मागे पुसण्याची सोय आली. आणि २०२० च्या ६.० मध्ये जाळ्यावरचे वाचन-लेखनही थ्रेडवर देता येऊ लागले. लूप लहान राहिला, कारण त्याला अडवणारे काम त्याच्यापासून दूर नेले गेले. आपल्या ४१० ओळींच्या लूपमधून नोंदवही डिस्कवर कोण लिहिते? साधी फाइल ईपोलला दिली तर तो ‘ईपर्म’ (परवानगी नाही) म्हणून ती नाकारतो, आणि डिस्क अडली की नॉन-ब्लॉकिंगचा (‘थांबू नको’ असे सांगणारा) झेंडा काहीच करत नाही. जर राइट सरळ कॉलबॅकमधून होत असेल, तर डिस्क जेवढा वेळ अडेल तेवढा वेळ आपले सगळे ग्राहक अडतील.

शून्यसूचक

यासाठीच आयओ-यूरिंग (कामे रांगेत टाकून ती पूर्ण झाल्याची सूचना घेण्याची सोय) आहे. २०१९ पासून लिनक्समध्ये आहे, फाइल आणि सॉकेट दोन्ही एकाच रांगेत जातात, आणि एज की लेव्हल हा वादच मिटतो.

रातराणी

वाद मिटतो आणि सुरक्षा विभागाशी नवा सुरू होतो. गुगलने २०२३ मध्ये क्रोमओएसवर ते बंद केले, आणि आमच्या कंटेनरमध्येही त्याला परवानगी नाही. शिवाय ‘तयार आहे’ ऐवजी ‘पूर्ण झाले’ ही सूचना घेताना बफर तोवर कर्नलच्या स्वाधीन असतो. मध्येच जोडणी रद्द करायची तर तो बफर केव्हा मोकळा करायचा याचा हिशेब तुमच्याच गळ्यात पडतो. ते ४१० ओळींत बसवून दाखवावे.

बिनधागा

नोंदवही पाइपमधून दुसऱ्या प्रोसेसला जाते, त्यामुळे कृष्णाकाठ यांनी माझ्यासाठी खणलेला तो खड्डा रिकामाच राहील. पाइप भरला तर नोंदी टाकून देतो आणि किती टाकल्या ते मोजतो.

पिढी-क्रमांकाचे मात्र काल रात्री तपासून पाहिले. एकाच फेरीत बंद आणि स्वीकार घडवून आणणारी चाचणी लिहिली, आणि दोनशेव्या प्रयत्नाच्या आत नवी जोडणी जुन्या घटनेने मेली. माझ्याकडे जोडण्या डिस्क्रिप्टरच्या क्रमांकाने सारणीत ठेवलेल्या आहेत, तेव्हा हे होणारच होते, आणि ते मला लेख लिहिण्यापूर्वी दिसायला हवे होते. बंद करण्याचे काम फेरीच्या शेवटापर्यंत लांबवले की क्रमांक फेरीच्या मध्यात मोकळाच होत नाही. त्याला अकरा ओळी लागल्या. राखीव डिस्क्रिप्टरच्या सात. टीप दोन्ही ठिकाणी लिहिली आहे. सोलॅरिस परत येणार नाही.

कृष्णाकाठ

सोलॅरिस मीही मागितले नव्हते. लांबवलेल्या बंदमुळे ईएमफाइल त्याच फेरीत लवकर ओढवू शकतो, कारण मोकळे व्हायचे डिस्क्रिप्टर अजून अडकलेले असतात. आपल्या त्या अकरा आणि सात ओळी एकत्र तपासल्या आहेत का?

बिनधागा

नाही. आज रात्री तपासतो.