ती फुलं भरतकामाची नाहीत

अठराव्या शतकातल्या रेशमी गाउनवरची फुलं भरतकामाची असावीत, असं तुम्ही म्हणता, पण ती मागावरच विणलेली, म्हणजे ब्रोकेडची आहेत. उलट्या बाजूचा फोटो मिळाला तर नक्की बघा. ब्रोकेडमध्ये प्रत्येक रंगाचा जादा बाणा (आडवा धागा) छोट्या धोट्याने फुलापुरताच फिरतो आणि कडेला वळून परत येतो. भरतकामात सुई विणून झालेल्या कापडातून आरपार जाते. जकार्डच्या, म्हणजे नक्षीसाठी धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्राच्या आधी ताण्याचे (उभे) धागे उचलायला मागाजवळ दोऱ्या ओढणारा वेगळा मदतनीस लागे! लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या विणकरांसाठी अ‍ॅना मारिया गार्थवेट (१६८८–१७६३) नक्षी काढायची. तिची जलरंगातली शेकडो रेखाटनं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जरूर बघा, पानन्‌पान जिवंत आहे. आणि तेव्हाच्या या कापडाचा पन्हा जेमतेम अर्धा मीटर, म्हणून शिवणीवर फुलं जुळवलेली दिसतात.