इनहेलेशन टॉक्सिकॉलॉजी: रसायनशास्त्रातून येणाऱ्यानं आधी काय शिकावं?

रसायनी_७
ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालंय. हवेतले प्रदूषक आणि फुप्फुसं या विषयात पीएच.डी. करायची आहे. जीसी-एमएस (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) चालवता येतं, जीवशास्त्र मात्र बारावीपुरतंच. एक्स्पोजरच्या, म्हणजे प्रयोगातल्या जनावराला दूषित हवा देण्याच्या, दोन पद्धती वाचल्या: अख्खं जनावर चेंबरमध्ये, किंवा नुसतं नाक हवेच्या प्रवाहात (नोज-ओन्ली). हात कशावर बसवावा? पहिल्या वर्षी भर कशावर?

कणमापक
नोज-ओन्लीवर. जनावराच्या आत नेमकं किती गेलं हे छातीठोकपणे सांगता येणं, हे या कामाचं अर्धं कसब. तोंडावाटे द्यायचं तर मिलिग्रॅम मोजून देता येतात, श्वासातून नाही.

अख्ख्या चेंबरमध्ये धूळ केसांवर बसते, रॅट ती चाटतो आणि काही डोस पोटात जातो. शिवाय लघवीतला अमोनिया आम्लाचे थेंब उदासीन करतो: थेंब तयार करणारा जनरेटर सल्फ्युरिक ॲसिड सोडत असतो आणि जनावर अमोनियम सल्फेट ओढत असतं. म्हणूनच सगळ्या जनावरांचं मिळून आकारमान चेंबरच्या ५ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत.

नोज-ओन्लीची दुखणी वेगळी. जनावर ज्यात ठेवतात ती नळी सैल असेल तर रॅट आत उलटा फिरतो आणि गुदमरतो. घट्ट असेल तर छाती दाबली जाऊन श्वास उथळ होतो, म्हणजे डोसही बदलला. नळीत अंगही तापतं. प्रयोगाआधी काही दिवस रोज थोडा थोडा वेळ वाढवत सवय लावा. रॅट मिनिटाला साधारण ०.२ लिटर हवा घेतो. प्रत्येक पोर्टला, म्हणजे नाकापाशी हवा येते त्या तोंडाला, त्याच्या दुप्पट-तिप्पट, मिनिटाला निदान अर्धा लिटर तरी द्या. नाहीतर सोडलेलाच श्वास तो परत ओढतो. ऑक्सिजन १९ टक्क्यांखाली नको, कार्बन डायऑक्साइड १ टक्क्यावर नको.

कणांचा आकार नाकापाशी मोजा, जनरेटरच्या तोंडाशी नाही. मधल्या नळीत कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४०३ क्रमांकाच्या तीव्र (अल्पकालीन) चाचणीत एमएमएडी (वजनानुसार कणांचा मधला व्यास) १ ते ४ मायक्रॉन आणि जीएसडी (आकार किती पसरलेत त्याचं माप) १.५ ते ३ लागतं. इम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कण आकारानुसार टप्प्याटप्प्यानं वेगळे करणाऱ्या उपकरणात, कोरडे कण प्लेटवरून उसळून खालच्या टप्प्यावर जातात आणि धूळ आहे त्यापेक्षा बारीक दिसते. प्लेटला ग्रीसचा पातळ हात द्या, सॅम्पलिंग थोडक्यात आटपा. फिल्टरचं वजन करण्याआधी त्यावरचा स्थिर विद्युतभार घालवा. टेफ्लॉनच्या फिल्टरवर तो असला की आकडा स्थिरावतच नाही.

पेशीपाल
वरचं सगळं मान्य, पण केमिस्ट माणूस फ्लो आणि फिल्टर आपसूक शिकतो. अडतो तो शरीररचनेत. रॅट फक्त नाकानंच श्वास घेतो आणि त्याच्या नाकातली वळणं फार गुंतागुंतीची. माणूस धावताना तोंड उघडतो. तेव्हा रॅटच्या नाकातच अडकलेला जाड कण माणसाच्या श्वासनलिकेत उतरू शकतो. हा फरक न धरता आकडे माणसाला लावले की निष्कर्ष वाया.

दुसरं, ओव्हरलोड. न विरघळणारी धूळ भरमसाट दिली की फुप्फुसातल्या मॅक्रोफाज (कण गिळून सफाई करणाऱ्या) पेशी भरून जातात आणि सफाई मंदावते. मॉरो यांच्या १९८८च्या मांडणीनुसार धुळीचं आकारमान त्या पेशींच्या सुमारे ६ टक्के झालं की हे सुरू होतं. पुढे दिसणारी सूज त्या पदार्थाच्या विषारीपणाची की नुसत्या ढिगाची, हे ठरवता येत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या सौम्य धुळीनंही, २५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर या मात्रेला दोन वर्षांत रॅटमध्ये गाठी झाल्या, त्या याच वादात सापडल्या.

म्हणून पहिल्या वर्षी फुप्फुस धुवायला, म्हणजे त्यात द्रव घालून परत काढून तो तपासायला शिका. एलडीएच (पेशी फुटल्या की बाहेर पडणारं विकर), एकूण प्रथिनं, न्यूट्रोफिल्स (सूज आली की जमणाऱ्या पांढऱ्या पेशी), एवढं आधी पुरे. किती द्रव घातला आणि किती परत आला ते दर वेळी लिहा; कमी परत आलेल्या नमुन्याची बाकीच्यांशी तुलना चालत नाही. धुतलेला भाग हिस्टॉलॉजीला (ऊतींच्या सूक्ष्मदर्शी तपासणीला) देऊ नका, त्यासाठी एक बाजू आधीच बांधून ठेवा.

जुनी_फाइल
करिअर म्हणून विचारत असाल तर मेरी ॲम्डर यांचं बघा. पदवी रसायनशास्त्राची, १९४६ मध्ये बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोनोरा या गावावर साचलेल्या विषारी धुरक्यानंतर हार्वर्डमध्ये त्यांनी सल्फ्युरिक ॲसिडचं धुकं गिनीपिगना दिलं. वजन तेवढंच, पण थेंब बारीक असले की श्वासमार्गाचा अडथळा जास्त वाढतो, हे त्यांनी दाखवलं. पैसा धातू गाळणाऱ्या कंपनीचा होता. १९५३ मध्ये निष्कर्ष मांडल्यावर पद गेलं. त्या हार्वर्डमध्येच दुसऱ्या प्रयोगशाळेत गेल्या आणि काम चालू ठेवलं. उद्योगाचा पैसा घेताना निकाल छापण्याचा हक्क करारात लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

रसायनी_७
आभार. चार तासांचं एक्स्पोजर म्हणजे मोजणी नळ उघडल्यापासून का? आणि हवेतली मात्रा निम्मी करून वेळ दुप्पट केला तर चालतं?

कणमापक
नळ उघडल्यावर मात्रा हळूहळू चढते. ९५ टक्क्यांना पोचायला चेंबरचं आकारमान भागिले हवेचा प्रवाह, गुणिले ३ इतका वेळ लागतो. १००० लिटरचं चेंबर आणि मिनिटाला २०० लिटर हवा असेल तर १५ मिनिटं. नोज-ओन्लीत आतली जागा लहान, तिथे हे फार लवकर उरकतं. मात्रा चढण्याचा आणि शेवटी उतरण्याचा वेळ वेगळा नोंदवा.

दुसऱ्याला सरसकट हो म्हणता येत नाही. मात्रा गुणिले वेळ हा हाबरचा नियम साठत जाणाऱ्या परिणामांना बरा लागू पडतो. क्लोरीनसारख्या जळजळ करणाऱ्या वायूंत मात्रेचं वजन वेळेपेक्षा जास्त. तिथे मात्रेला घातांक लावतात आणि तो पदार्थागणिक प्रयोगानंच काढावा लागतो.