मदत हवी आहे: डाएट सोडलं, पण श्रावणातल्या उपवासांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. दोन वेळा जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं, हे डाएट सोडणाऱ्यांसाठी वेळापत्रक बसवते आहे. तीन जेवणं, दोनदा मधलं खाणं, तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. भूक १ ते १० अशी मोजायची (१ म्हणजे कडकडून भूक, १० म्हणजे पोट तुडुंब) आणि ३-४ वर असतानाच जेवायला बसायचं. १ पर्यंत ताणली की हात आवरत नाही. १९४४-४५ च्या अमेरिकेतल्या मिनेसोटा उपासमार प्रयोगात २४ आठवडे अर्धपोटी ठेवलेली माणसं नंतर भरपूर जेवूनही भुकेलीच असायची. म्हणजे संध्याकाळी सातला फरसाणाचा डबा रिकामा होतो, त्याचं मूळ बहुतेकदा दुपारी गाळलेल्या भातात असतं.

वर्ज्य केलेले पदार्थ एकेक करून परत आणायचे, जेवणासोबतच, वाटीत काढून. डब्यातून नाही. वजनकाटा माळ्यावर.

अडतं ते श्रावणात. सोमवार संध्याकाळी सोडतात, तोवर भूक १ वर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं नावालाच. दुपारी एकला वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वाटीभर दही दिलं तर सातपर्यंत तग धरता येतो का? की चारला दूध-केळं हवंच?

दुसरं, उपवास श्रद्धेचा आहे की त्याआड डाएटच चाललंय, हे समोरच्याला न दुखावता कसं विचारता? सासूबाईंसमोर तर आणखी अवघड!

(मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नाहीच, त्यामुळे ते सोडून सांगा.)