हॉटसीटच्या वाटेला गेलेल्या ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

परवा आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर जुंपली, की केबीसीत एवढे सोपे प्रश्न ही माणसं चुकतात कशी. बोलणारे सगळे सोफ्यावरचे, हातात चहाचा कप, समोर घड्याळ नाही की बच्चनसाहेब नाहीत. म्हणून म्हटलं जे खरंच त्या वाटेला गेलेत त्यांनाच लिहायला सांगूया. केबीसी असो नाहीतर मराठीतलं कोण होणार करोडपती, हॉटसीटवर बसायलाच हवं असं काही नाही. रजिस्ट्रेशन, ऑडिशन, फास्टेस्ट फिंगर, प्रेक्षकांत बसणं, कुणाचा तरी फोनवरचा मित्र होणं, सगळं चालेल. निकाल काय लागला यापेक्षा आत काय होतं ते लिहा.

कोपरीचा_दीर

माझी वहिनी फास्टेस्ट फिंगरपर्यंत गेली होती. लोकांना वाटतं ज्ञान असलं की झालं, पण तिथे सगळा खेळ अंगठ्याचा आहे हो. चार पर्याय क्रमाने लावायचे आणि जो बरोबर लावून सगळ्यात आधी दाबेल तोच वर जाणार, बाकीचे बसले टाळ्या वाजवत. वहिनीने घरी काय प्रॅक्टिस केली म्हणता, जुन्या रिमोटच्या चार बटणांवर अ ब क ड अशा चिकटपट्ट्या लावल्या आणि पुतण्या स्टॉपवॉच घेऊन उभा, तो काहीही विचारायचा, ठाण्याहून पनवेलकडे जाताना स्टेशनं लाव म्हणे, तुर्भे, ऐरोली, कोपरखैरणे, रबाळे, आणि ही कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ऐरोली रबाळे कोपरखैरणे तुर्भे दाबून मोकळी. भाऊ वैतागला होता कारण घरात सरळ वाक्यच कुणी बोलेना, सगळं चढत्या नाहीतर उतरत्या क्रमाने.

शूटिंगच्या दिवशी तिचं उत्तर बरोबर आलं. बोर्डावर नाव हिरवं झालं, आम्ही प्रेक्षकांत उभेच राहिलो, आणि मग वेळा दिसल्या तेव्हा दुसऱ्या एका मुलाची वेळ हिच्यापेक्षा जेमतेम अर्ध्या सेकंदाने कमी. झालं. बरोबर उत्तर देऊन घरी. ती म्हणते त्या मुलाने प्रश्न पूर्ण वाचलाच नसणार, पहिला आणि शेवटचा पर्याय पक्का केला आणि मधले दोन नशिबावर सोडले, आणि मला वाटतं तिचं बरोबर आहे, चारपैकी दोन पक्के असले तर उरलेल्यांत फिफ्टी-फिफ्टीच उरते की. 2021 च्या केबीसीत तीन प्रश्नांची ट्रिपल टेस्ट आणली होती, ते मला जास्त न्यायाचं वाटलं, एकाच प्रश्नावर माणूस बाद होत नाही.

सेक्टर१७_वाशी

मी फक्त प्रेक्षकांत होते, मैत्रिणीच्या मिस्टरांबरोबर. सल्ला एकच, शाल न्या. एसी असा की दात वाजतात. टाळ्यांचा सराव आधी करून घेतात, नुसत्या टाळ्या, मग हसून टाळ्या, मग गंभीर चेहऱ्याने टाळ्या. ऑडियन्स पोलला, म्हणजे खेळणारा अडला की प्रेक्षकांचं मत घेतात तेव्हा, मी बटण दाबलं ते शेजारच्या काकांकडे बघून, आणि काकांनी कुणाकडे बघून दाबलं देव जाणे. 2020 च्या सीझनला करोनामुळे प्रेक्षकच नव्हते आणि पोलऐवजी व्हिडिओ कॉलवर मित्राला विचारायचं होतं, तेव्हा खेळणाऱ्यांचं फार बिघडलं असेल असं मला तरी वाटत नाही 😄

निवृत्त_मास्तर

माझा एक जुना विद्यार्थी हॉटसीटवर पोचला आणि फोन अ फ्रेंडसाठी, म्हणजे अडलं तर फोन करून विचारायला, माझं नाव दिलं, सर इतिहासाला आहेत म्हणून. मी नेरूळला घरी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलो. टीव्हीवर मी दिसणार नव्हतो तरी शर्ट घातला. पेशवे, सातवाहन, आरमार सगळं उजळून ठेवलं. फोन आला, सूत्रसंचालकांचा आवाज ऐकूनच माझे पाच सेकंद गेले, एकूण मिळतात तीस. पोराने घाईत प्रश्न वाचला तो एका हिंदी मालिकेतल्या सासूच्या नावाचा. मी गप्प. आमची ही आतून कणीक मळता मळता ओरडली, "अहो, तिसरा!" मी म्हटलं तिसरा. किती खात्री, तर मी आतल्या दाराकडे बघितलं, हिने कणकेचा हात वर केला, मी म्हटलं शंभर टक्के. पोरगा 3,20,000 च्या पडावापाशी पोचला. पेढे घेऊन आला तेव्हा पाया माझ्या पडला, हिच्या नाही, त्यावरून घरात अजून ऐकतोय.

आकडेमोड_पाचपाखाडी

मास्तर, छान. पण तुमच्या विद्यार्थ्याला हातात किती आले ते कुणी विचारत नाही. अशा बक्षिसावर सरळ 30 टक्के टॅक्स, वर त्या टॅक्सवर 4 टक्के सेस. म्हणजे 3,20,000 वर 96,000 देतानाच कापून घेतात, सेसचे 3,840 रिटर्न भरताना, हातात उरले 2,20,160. तुमचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी यावर बेसिक सूट लागत नाही, आणि प्रवास, हॉटेल, पुस्तकं असला कुठला खर्च वजा करता येत नाही. 50 लाखांच्या वर एकूण उत्पन्न गेलं तर सरचार्ज आणखी. माझ्याकडे एकजण आले होते, टॅक्सचं ऐकायच्या आधीच गाडी बुक करून. लोकहो, गाडी नंतर.

खारघरची_सून

आमच्याकडे उलटंच. सासऱ्यांनी कधी रजिस्ट्रेशनही केलं नाही आणि व्हॉट्सॅपवर मेसेज आला की केबीसीची 25 लाखांची लॉटरी लागली, अमिताभचा फोटो, बँकेचा शिक्का, आणि एका "मॅनेजर"ची ऑडिओ क्लिप. नंबर +92 ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानचा. प्रोसेसिंग फी भरा म्हणे. सासरे चेकबुक शोधत होते. मी म्हटलं बाबा, प्रश्न न विचारता पैसे देणारा क्विझ शो कुठे असतो का? तेव्हा थांबले, पण मेसेज अजून डिलीट केलेला नाही, म्हणतात असू दे. असले मेसेज आले तर 1930 वर कळवा, सायबर फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे.

तलावपाळीचा_कट्टेकरी

जरा वेगळं बोलतो. आम्ही जुने क्विझवाले, 1985 ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बासूंचा क्विझ टाइम बघून बिघडलेले. तिथे पर्याय नसायचे. मग 2000 साली त्याच बासूंनी केबीसी घडवलं आणि चार पर्याय आले, तेव्हा आम्ही नाकं मुरडली, हे काय, तुक्का मारायचा खेळ. आता तसं म्हणणार नाही. मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा, पण 2019 ला अमरावतीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या, शाळेत खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजारावर. एक कोटीनंतर सात कोटींच्या प्रश्नाला थांबल्या. ते थांबणं बघा. सोफ्यावरचा माणूस तिथे हमखास खेळला असता, त्याचं काय जातंय.

कोपरीचा_दीर

मास्तर, कणकेचा हात वाचून वहिनी हसून हसून लोळली. कुणीतरी मेसेज करून विचारलंय की ती परत करणार का रजिस्ट्रेशन. ती नाही म्हणते. पण आमच्या आईने तिच्या नकळत पुतण्याकडून स्वतःचं करून घेतलंय, आणि रिमोट परत गायब आहे.