मदत हवी आहे : घरच्या सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डे, पण काम एकच करते

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या घरी जुन्या डेस्कटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून मी सर्व्हर चालवतो. त्यावर घरातील फोटो आणि बॅकअप असतात. मदरबोर्डवरील गिगाबिट पोर्टवरून मोठी फाइल सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट वेगाने जाते, म्हणून वेग दुप्पट होईल या (आता भाबड्या वाटणाऱ्या) आशेने मी दुसरे गिगाबिट कार्ड बसवले.

दोन्ही कार्डे एकाच साध्या स्विचला जोडून त्यांना १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.११ असे पत्ते दिले आहेत. मात्र .११ वरून फाइल मागवली तरी पहिल्याच पोर्टचा दिवा लुकलुकतो, आणि दुसऱ्या कार्डाची केबल काढली तरी .११ ला पिंग जातोच! लिनक्समध्ये पत्ता कार्डाचा नसून संपूर्ण यंत्राचा मानला जातो, त्यामुळे कोणतेही कार्ड दुसऱ्याच्या पत्त्यासाठी एआरपीला (‘हा पत्ता कोणाचा?’ या नेटवर्कवरील विचारणेला) उत्तर देते, एवढे वाचनातून कळले. बाँडिंगचा (अनेक कार्डे एकत्र जोडून एकासारखी वापरण्याचा) एलएसीपी प्रकार माझ्या स्विचला जमत नाही, आणि जमला असता तरी एकाच जोडणीचा वेग त्याने वाढत नाही.

म्हणून दुसरे कार्ड थेट माझ्या संगणकाला जोडून त्या दोघांना १०.०.०.१ आणि १०.०.०.२ असे वेगळ्या सबनेटमधील (उपनेटवर्कमधील) पत्ते, गेटवे (बाहेरच्या नेटवर्कचा मार्ग) न देता, द्यावेत असा विचार आहे. तसे केल्यास सांबाचे (लिनक्सवरील फाइली इतर संगणकांना खुल्या करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) शेअर नावाने उघडताना संगणक नेमका हाच मार्ग निवडेल यासाठी होस्ट्‌स फाइलमधील (नावापुढे पत्ता लिहून ठेवायच्या फाइलमधील) नोंद पुरेशी आहे का? की दोन्ही कार्डे स्विचवरच ठेवून सांबाचे मल्टिचॅनेल (एकाच वेळी अनेक जोडण्यांवरून फाइल पाठवण्याची सोय) वापरणे अधिक योग्य ठरेल? ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया आपली मांडणी सांगावी.