शब्दचर्चा: जिवाणूच्या ‘कॅप्सूल’ला ‘कवच’ म्हणावं का?

शिक्षिका, घाटंजी तालुका
सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा जन्मजात आजार) असलेल्या लेकरांच्या आयांना उपकेंद्रात एक माहितीपत्रक वाचून दाखवायचं होतं. त्यात वाक्य होतं, ‘कवचधारी जिवाणूंपासून अशा बालकांना विशेष धोका संभवतो.’ मागे बसलेल्या एका आईनं विचारलं, “कवच म्हंजे कासवासारकं काय मॅडम? मंग ते औषदानं फुटत नाही काय?” मी ‘तसंच काहीसं’ म्हणून पुढं गेले. घरी येऊन वाचलं तर ते जिवाणूभोवतीचं ‘कॅप्सूल’ नावाचं आवरण, आणि ते टणक नाहीच. म्हणजे मी त्या बाईला चुकीचं सांगितलं. ‘कवच’ नको तर काय म्हणावं?

लॅब टेक्निशियन, वणी
मॅडम, एक चमचा सब्जा पाण्यात घालून ठेवा. थोड्याच वेळात प्रत्येक काळ्या दाण्याभोवती त्याचा त्याचा काचेसारखा थर फुगतो. चिमटीत धरायला गेलं की दाणा सटकतो. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकसचं कॅप्सूल हे असं आहे. स्लाइडवर काळी शाई घातली तर ती या थरात शिरत नाही, म्हणून सगळीकडे काळं आणि जिवाणूभोवती तेवढं उजळ कडं दिसतं. हे साम्य वरवरचं नाही. दोन्ही थर साखरेच्या लांब साखळ्यांचे आणि भरपूर पाणी धरून ठेवणारे.

आता पांढऱ्या पेशीचं बघा. तिला जिवाणू गिळायचा तर आधी तो पकडात यावा लागतो. रक्तातली ‘पूरक’ प्रथिनं जिवाणूच्या भिंतीवर जाऊन चिकटतात, पण ती या थराखाली गाडली जातात आणि पांढऱ्या पेशीचा हात तिथवर पोचत नाही. त्यात बऱ्याच थरांवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणच, त्यामुळे जवळीक आणखी अवघड. म्हणजे वार अडवणारं हे चिलखत नव्हे, हातातून निसटायची ही सोय आहे.

फ्रेडरिक ग्रिफिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९२८ मध्ये हेच जिवाणू उंदरांना टोचले होते. थर असलेल्यांच्या वसाहती गुळगुळीत दिसत, त्यांनी उंदीर मरत. थर नसलेल्यांच्या खरखरीत, त्यांनी उंदरांना काही होत नसे. जीव घेणारा गुळगुळीत आणि निरुपद्रवी खरखरीत, हे आपल्या कल्पनेच्या अगदी उलट आहे, आणि ‘कवच’ शब्दानं हेच झाकलं जातं.

निवृत्त मास्तर, दर्यापूर
कवच म्हटलं की मराठी माणसाला कर्ण आठवतो. जन्मजात, अभेद्य. त्यातलं ‘जन्मजात’ इथं लागू पडेल, ‘अभेद्य’ नाही. माझं मत ‘बुळबुळीत आवरण’. लांब वाटलं तर नुसतं ‘बुळबुळ’ म्हणा, भेंडी चिरणाऱ्या आणि जवस भिजवणाऱ्या कोणत्याही बाईला ते समजतं. ‘संपुट’ पुस्तकात शोभतं, पण त्यानं डबीच डोळ्यांपुढं येते.

लहानपणी नदीवर वाम मासा धरायचो, तो हातात म्हणून राहत नसे. आजी चुलीतली राख द्यायची. राख लागली की तोच मासा मुठीत गच्च बसायचा. शरीराकडं अशी राख असते का हो?

लॅब टेक्निशियन, वणी
मास्तर, असते, आणि तिच्या नावात तुमच्यासाठी एक गंमत आहे. प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी. त्या थराच्या बाहेरच्या साखरेवर बसतात आणि त्यांची शेपटी वर राहते. पांढरी पेशी ती शेपटी धरते. अशा पदार्थांना आल्मरॉथ राइट या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०३ मध्ये ‘ऑप्सोनिन’ नाव दिलं. मुळाशी ग्रीक शब्द ‘ऑप्सॉन’, म्हणजे भाकरीबरोबर खायची वस्तू.

निवृत्त मास्तर, दर्यापूर
म्हणजे तोंडीलावणं! काही भागांत कोरड्यास म्हणतात तेच. कोरडी भाकर घशाखाली उतरत नाही, ठेचा असला की उतरते. ग्रीक माणसानं आणि आपण जेवणाची वाटणी एकाच रीतीनं केली याचा मला फार आनंद झाला. तरी पत्रकात ‘राख’च सांगा. तोंडीलावणं म्हटलं तर आया विचारतील, खाते कोण आणि कोणाला.

आरोग्यसेविका, आर्णी तालुका
सिकलसेलच्या लेकरांनाच धोका जास्त का, हे पत्रकात यायला पाहिजे. आमच्याकडची म्हातारी माणसं प्लीहेला ‘पाणथरी’ म्हणतात. रक्त तिथून संथ जातं, म्हणून राख नीट न लागलेले बुळबुळीत जिवाणूही तिथं गाळले जातात. सिकलसेलमध्ये पाणथरीच्या बारीक रक्तवाहिन्या पुन्हा पुन्हा तुंबतात आणि बऱ्याच लेकरांची पाणथरी पहिल्या काही वर्षांतच निकामी होते. म्हणून ताप आला तर रात्र काढू नका, लगेच दवाखान्यात आणा, हे मी घरोघर सांगते.

आणखी एक. ‘चिकट’ हा शब्द राखून ठेवा, तो लाल पेशीसाठी लागेल. विळ्यासारख्या झालेल्या पेशीचा पृष्ठभागही बदलतो, ती रक्तवाहिनीला चिकटते. आत असायचा एक स्निग्ध पदार्थ बाहेर येतो आणि त्या खुणेवरून पांढऱ्या पेशी तिला खातात. चांगली लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. जिवाणू बुळबुळीत म्हणून सुटतो, आपलीच पेशी चिकट म्हणून अडकते. दोन्हीला एकच शब्द वापरला तर घोळ होईल.

लॅब टेक्निशियन, वणी
ताईंचं खरं आहे. एक पुरवणी जोडतो. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकॉकस जिवाणूच्या ‘बी’ प्रकाराचा थर ज्या साखरेचा असतो, तशीच साखर आपल्या मेंदूच्या पेशींवर असते. शरीर त्याला घरचाच समजतं. तिथं ‘बुळबुळ’ही अपुरा, ‘सोंग’ म्हणावं लागेल.

लसीबद्दल: दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेविरुद्ध नीट प्रतिपिंडं बनवत नाही. म्हणून न्यूमोकॉकसच्या लसीत थराची साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. तिला ‘जोडलस’ म्हणावं असं मला वाटतं. २०२१ पासून ती सरकारी लसीकरणात देशभर आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने.

शिक्षिका, घाटंजी तालुका
वाक्य असं केलंय: ‘काही जंतूंच्या अंगावर भिजल्या सब्ज्यासारखी बुळबुळ असते, त्यामुळे ते शरीराच्या पकडीतून निसटतात. लस दिली की शरीराला त्यांना धरायची राख मिळते. सिकलसेलच्या लेकराची पाणथरी कमजोर, म्हणून त्याचा एकही डोस चुकवू नका आणि तापात थांबू नका.’ मंगळवारी वाटीत सब्जा घेऊन जाते. त्या आईला आधी दाखवीन.

न्यूमोनियाला इथं ‘डब्बा’ म्हणतात, ते कंसात टाकू का?

आरोग्यसेविका, आर्णी तालुका
कंसात नको. डब्बा आधी लिहा, न्यूमोनिया मागून.